बेचाळिसावं प्रकरण

एका दिवसात अकरा कप चहा प्यायलेला माणूस मी पाहिला आहे. त्यातले दहा दोन भांडणाऱ्या घरांतले, पाच-पाच, आणि अकरावा आमच्या घरचा. अकरावा त्यांनी नाइलाजानं घेतला, कारण माझ्या बायकोनं तो आधीच गाळून ठेवला होता.

ते कायद्याचे प्राध्यापक होते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात जमिनीचा कायदा शिकवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर ते रिसोडला आले आणि आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत सात वर्षं भाड्यानं राहिले. मूळचे मंगरूळपीरकडचे. पत्नी वारली होती, मुलगी नागपूरला होती. रिसोडच का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणाले, "या तालुक्यात धुऱ्यावरून फार भांडतात असं ऐकलं." गूळ चांगला मिळतो म्हणून एखाद्या गावी जावं, तसं त्यांनी ते सांगितलं.

धुरा म्हणजे दोन शेतांच्या मधला बांध. त्यावरची भांडणं सोडवायची आणि त्यांवर एक पुस्तक लिहायचं, एवढ्यासाठी ते आले होते. फी घेत नसत. चहा मात्र घेत, आणि त्याचा कडक नियम होता. एका घरी घेतला की दुसऱ्या घरी घ्यायचाच. पहिल्या घरी साखर जास्त पडली असेल, तर दुसऱ्या घरी सांगून तेवढी टाकायला लावायचे. "मधला माणूस कोणाचा हे लोक कपावरून ठरवतात, गुरुजी," असं त्यांचं म्हणणं. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो, म्हणून त्यांच्या तोंडी मी गुरुजी. माझ्या तोंडी ते सर.

त्यांची कामाची रीत मी सुटीच्या दिवशी सोबत जाऊन पाहिली आहे. दोघांना घेऊन ते आधी धुऱ्यावरून चालत. चालताना याला त्याच्या शेतातून न्यायचे आणि त्याला याच्या. कोणी कुरकुरला तर म्हणायचे, "चाल नं बापा, पीक काही चावत नाई." मग एकेकाला बाजूला घेऊन बसायचे, कधी बाभळीखाली, कधी मोटरघराच्या सावलीत. तिथं त्या माणसानं जे सांगितलं ते पेन्सिलीनं चिठोऱ्यावर लिहायचे, आणि उठताना त्याच्या समोर तो कागद फाडून तुकडे त्याच्याच हातात द्यायचे. "हे तुह्यं. माह्याजवळ काही राह्यलं नाई."

मला या फाडाफाडीचा राग यायचा. लिहिलेलं ठेवावं, असं माझं मत आहे. परतताना मी विचारायचो, "सर, तो काय म्हणाला?"

"ऊन जास्त आहे म्हणाला."

नेहमी हेच उत्तर. एकदा भर श्रावणात, छत्रीतून पाणी गळत असताना, मोटारसायकलवर माझ्या मागे बसून त्यांनी मला हेच ऐकवलं. मी म्हटलं, "सर, आज सूर्यच निघालेला नाही." ते म्हणाले, "त्याला लागत असेल." आमच्या घरात मग हा वाक्प्रचारच झाला. मुलीच्या मैत्रिणीचा फोन कशाला आला होता, असं बायकोनं विचारलं की मुलगी म्हणायची, "ऊन जास्त आहे म्हणाली."

त्यांचे लेख इंग्रजीत असत आणि दूरदूरच्या मासिकांत छापून येत. पण पाठवण्याआधी ते लेख बसस्टँडजवळच्या सलूनमध्ये जायचे. सर खुर्चीत बसायचे, गळ्याभोवती कापड, हातात कागद, आणि इंग्रजीवरून थेट वऱ्हाडीत वाचत सुटायचे. सलूनवाला पाच एकरांचा शेतकरीही होता. तो कात्री थांबवून ऐकायचा. बाकावरची गिऱ्हाइकंही ऐकायची, कारण दुसरा इलाज नव्हता.

एकदा तो म्हणाला, "सर, तुमचं हे तिसरं पान खोटं हाये."

"काहून?"

"तुमी लिवलं का दोघाईलेबी वाट पाह्यजे असते. अहो, वाट एकालेच पाह्यजे असते. दुसऱ्याले फक्त इचारलेलं पाह्यजे असते."

सरांनी अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत तिसऱ्या पानावर काट मारली. लेख छापून आला तेव्हा शेवटी आभारात सलूनवाल्याचं नाव होतं. त्यानं ते पान आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलं. इंग्रजी वाचता येणारं गिऱ्हाईक आलं की तो त्याला आधी ते वाचायला लावतो, मग पाण्याचा फवारा मारतो.

माझं काम आकड्यांचं. सरांचं गणित कच्चं होतं. हेक्टरचे एकर करताना ते हमखास चुकायचे, आणि चुकले की "सुमारे" लिहायचे. त्यांच्या पुस्तकात जिथे जिथे "सुमारे" होतं तिथे मी खूण करून खरा आकडा मागायचो. त्यांनी मिटवलेलं प्रत्येक प्रकरण एका तक्त्यात होतं: गाव, क्षेत्र, भांडण किती वर्षांचं, बैठका किती, तोडगा काय. तो तक्ता मी बसवून दिला होता. त्यांचे करारनामे वाचून मात्र माझं डोकं दुखायचं. एकात लिहिलं होतं, "बैलगाडी जाईल एवढी वाट."

"सर, कोणती बैलगाडी?"

"जी जाते ती."

"आणि उद्या ट्रॅक्टर आला तर?"

"तर ते दोघं बोलतील. आता बोलायला लागलेत."

मी म्हटलं, फूट लिहा, मीटर लिहा, म्हणजे बोलायची वेळच येणार नाही. त्यांनी करारनामा घडी करून खिशात ठेवला. मला वाटलं, पटलं.

आता दादाचं सांगतो. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आमचं गाव रिसोडपासून नऊ किलोमीटरवर. मी नोकरीमुळे रिसोडला, तो गावात. वडिलांच्या मागे आमची शेती दोघांत निम्मी-निम्मी झाली. सातबाऱ्यावर प्रत्येकी एक हेक्टर बासष्ट आर. मधला धुरा दोनशे मीटर लांब. माझ्या वाट्याचा रस्त्याकडचा तुकडा खडकाळ, दादाची जमीन सरस काळी. पण दादाच्या विहिरीवर जायची वाट माझ्या शेतातून तिरपी जायची. पंचवीस वर्षं त्यावरून कोणी शब्द काढला नव्हता.

मग रस्ता रुंद झाला. खडकाळ तुकड्यावर सोयाबीन साठवायचं गोदाम बांधावं असं मला वाटू लागलं. त्यासाठी तेवढी जमीन अकृषक करून घ्यायची, त्यासाठी नकाशा, आणि नकाशासाठी सरकारी मोजणी. मी मोजणीचा अर्ज केला. तिरपी वाट नेमकी गोदामाच्या मधून जात होती. ती बंद करावी लागेल, असं मी दादाला फोनवर सांगितलं. फोनवर. तो म्हणाला, "बरं," आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी त्याचा मोठा मुलगा येऊन दारातूनच बोलून गेला, "काका, वाट बंद करून पाहा तं खरं."

सर वरून सगळं ऐकत होते. संध्याकाळी खाली येऊन म्हणाले, "गुरुजी, मी तुमच्या घरात राहतो, तेव्हा मी तुमच्या बाजूचा धरला जाईन. तुमच्या दादांना चालत असेल तरच मी मधे येतो." दादाला चाललं. त्यानं एवढंच विचारलं म्हणे, "चहा किती घेता?"

तीन रविवार गेले. सरांनी आम्हा दोघांना धुऱ्यावरून चालवलं. मला दादाच्या शेतातून नेलं. मी तिथे किती वर्षांनी पाय ठेवला होता कोणास ठाऊक. दादा त्यांच्याबरोबर मोटरघरामागे एकटा बसला, चाळीस मिनिटं. मी धुऱ्यावर उभा राहून घड्याळ पाहत होतो. चिठोरे फाटल्याचा आवाज तिथपर्यंत आला. परतताना मी विचारलं, "दादा काय म्हणाला?"

"ऊन जास्त आहे म्हणाले." या वेळी ते हसले नाहीत.

तिसऱ्या रविवारी तोडगा निघाला. वाट तिरपी न ठेवता माझ्या शेताच्या कडेनं न्यायची, गोदाम तीन मीटर मागे घ्यायचं. दादा खूष होता. वहिनीनं पिठलं-भाकर केली. दादा जेवताना म्हणाला, "लहान्या, तुह्यं गोदाम झालं का मायं सोयाबीन फुकट ठेवजो." सगळे हसले. सही पुढच्या रविवारी करायची ठरली.

मधल्या गुरुवारी मोजणीची तारीख होती.

बुधवारी सर तीनदा जिना उतरून आले. पहिल्यांदा म्हणाले, "आता मोजणीची गरज काय? तोडगा झालाय." मी म्हटलं, कराराला नकाशा जोडू, म्हणजे पुढच्या पिढीचं भांडण संपलं. ते वर गेले. दुपारी परत आले. "गोदामापुरता कोपरा मोजा. धुरा मोजू नका." मी म्हटलं, सर, अर्ज पूर्ण गटाचा आहे, आणि खरं काय ते कळण्यात तोटा काय?

तिसऱ्यांदा आले ते अनवाणी. "गुरुजी, अर्ज मागे घ्या. कारण विचारू नका."

मी म्हटलं, "कारण नसलेली पायरी मी पोरांनाही लिहू देत नाही."

त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. एक हात कठड्यावर ठेवून ते वर गेले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो, पण तेव्हा मला वाटलं होतं की म्हातारपणी माणसं हट्टी होतात.

मोजणीचे साहेब यंत्र घेऊन आले. दादा, त्याची दोन्ही मुलं, मी आणि सर असे उभे होतो. दोन तासांत काम झालं. साहेबांनी आकडा सांगितला. माझ्या ताब्यात एक हेक्टर सहासष्ट. दादाच्या ताब्यात एक हेक्टर अठ्ठावन्न. धुरा दोनशे मीटरभर दोन मीटर दादाकडे सरकलेला. म्हणजे दादाची चार आर जमीन इतकी वर्षं मी वाहत होतो. चार आर म्हणजे चार गुंठेही नाहीत पूर्ण.

मोठा पुतण्या म्हणाला, "म्हणजे काका, आमचीच जमीन खाऊन आमचीच वाट अडवून राह्यले होते तुमी?"

"गप रे," दादा म्हणाला. "मले माहीत होतं."

दादा खाली पाहूनच पुढे बोलला. "बाबानंच मले सांगतलं होतं. लहान्याच्या वाट्याले खडक आला, धुरा चार हात इकडे टाक म्हणे. मीच टाकला. तुले कायले सांगू? तू हिशोब करत बसला असता."

मी सरांकडे पाहिलं. ते मोजणीच्या यंत्राकडे पाहत होते. तेव्हा मला कळलं की मोटरघरामागच्या चाळीस मिनिटांत काय बोलणं झालं होतं.

तिथे मला एक गोष्ट करता आली असती. दादाचा हात धरता आला असता. मी म्हटलं, "दादा, जे तुह्यं ते तुह्यं. कोणाची चार आर खाणारा माणूस मी नोहे. उद्याच दगड रोवून देतो."

"राहू दे नं," दादा म्हणाला.

"नाही, हिशोब चोख पाहिजे."

शनिवारी मी माणसं लावून नव्या हद्दीवर दगड रोवले. दोन्ही टोकं धरून नऊ दगड, पंचवीस-पंचवीस मीटरवर एक, प्रत्येकाला सिमेंटचा पाया. दादा आला नाही. रविवारी सहीला पुतणे आले आणि म्हणाले, आमची वाट आमी आमच्यातून काढू, कोणाचे उपकार नाई पाह्यजे. त्यांनी नाल्याच्या कडेनं वाट काढली. विहिरीपर्यंत ती आधीपेक्षा सहाशे पावलांनी लांब आहे. माझं गोदाम बांधून झालं, अगदी मूळच्या जागी. दादाचं सोयाबीन त्यात आजपर्यंत आलेलं नाही. आम्ही लग्नकार्यात भेटतो. तो तब्येत विचारतो, मी पाऊसपाणी विचारतो.

सरांनी त्यानंतर एकही भांडण घेतलं नाही. रिठदकडून, मालेगावकडून माणसं यायची, जिन्याखाली चपला काढून उभी राहायची. सर त्यांना पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "आता नाही होत." सलूनमध्ये जायचे, पण कागद न घेता.

दोन महिन्यांनी मी वर गेलो. मनात राग होता. म्हटलं, "सर, एक वाक्य सांगायचं होतं. दादाला माहीत आहे, एवढंच. मी अर्ज मागे घेतला असता."

"घेतला असता," ते म्हणाले. "मला त्याची खात्री होती."

"मग?"

"ते वाक्य तुमच्या दादांचं होतं. मी त्यांना विचारलं, सांगू का? ते म्हणाले, नका सांगू, लहान्याले ओशाळं वाटल. तिथे विषय संपला. तीस वर्षं पोरांना मी हेच शिकवलं, गुरुजी. मधल्या माणसानं एकदा तोंड उघडलं की पुढचा माणूस त्याच्यापाशी मन उघडं करत नाही. पुढच्या माणसासाठी गप्प राहायचं."

मी जायला उठलो. तेव्हा ते म्हणाले, "आणि आता पुढचा माणूस दारात येतो तर मी त्याला परत पाठवतो. म्हणजे गप्प राहिलो ते कोणासाठी, हे मला सांगता येत नाही. तुम्हाला बेरीज येते, तुम्ही सांगा."

मी खाली आलो. त्यांना दोष देऊन झाल्यावर माझ्याकडे दुसरं काही शिल्लक राहिलं नव्हतं, आणि तोही दोष नीट बसत नव्हता. अनवाणी उतरून आलेल्या म्हाताऱ्या माणसाचं मी कारणाशिवाय ऐकायला हवं होतं. तो माणूस कारण असल्याशिवाय तीनदा जिना उतरणारा नव्हता, हे मला इतक्या वर्षांच्या शेजारातून कळायला हवं होतं.

पुढच्या वर्षी मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना पुस्तकाचं बाड त्यांनी मला आकडे तपासायला दिलं. मी तक्ता तपासला. एकेक प्रकरण मोजलं तर एक्केचाळीस भरत होती, आणि खाली एकूण म्हणून सरांनी आपल्या हातानं बेचाळीस लिहिलं होतं. मी फोन केला. "सर, बेरीज एकानं जास्त आहे."

"बरोबर आहे ती."

"बेचाळिसावं प्रकरण वर कुठे दिसत नाही."

"नाही दिसणार. पण एकूण धरताना ते सोडता येत नाही. तसंच राहू द्या."

मी आयुष्यात जाणूनबुजून चुकीची ठेवलेली ती एकच बेरीज. पुस्तक छापलं जाण्याआधी सर गेले. त्यांच्या मुलीनं फोन करून कळवलं. मी दादाला कळवायला गावी गेलो, त्यानं ऐकलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "चांगला माणूस होता," म्हणाला. आम्ही दोघं पंधरा मिनिटं बसलो होतो. वहिनीनं चहा केला. मग मुलं शेतातून आली आणि मी उठलो.

ती चार आरांची पट्टी तेव्हापासून पडच होती. माझी ती राहिली नव्हती, आणि दादा मुलांना तिथे पेरू देत नव्हता. दरवर्षी मुलं भांडायची, दरवर्षी तो नाही म्हणायचा, कारण सांगायचा नाही. तरोटा आणि रुई माजली होती. रस्त्यावरून जाणारे विचारायचे, ही कोणाची हो?

यंदा पेरणीच्या आधी मी शेतात गेलो तर दादा पट्टीच्या पलीकडे उभा होता. गुडघे धरलेत त्याचे, काठी घेऊन आला होता. आमच्यात दोन मीटर तरोटा.

"लहान्या," तो म्हणाला, "या पट्टीत यंदा तूर टाक तू."

मी म्हटलं, "दादा, ते तुया नावावर हाये."

त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "हो," म्हणाला. "नावावर हाये." आणि काठी टेकत नाल्याच्या वाटेनं विहिरीकडे गेला.

काय बोलायला हवं होतं ते मला घरी येऊन हातपाय धुताना सुचलं. राहू दे तुया नावावर, मी पेरतो. एवढंच. रात्रभर मी ते मनात म्हणून पाहिलं, आणि सकाळी शाळेत रजेचा अर्ज देऊन मिळेल त्या बसनं गावी गेलो.

पट्टीत ट्रॅक्टर चालू होता. तरोटा उलटून काळी माती वर आली होती. मोठ्या पुतण्यानं मला पाहून इंजिन मंद केलं आणि वरूनच म्हणाला, "काका, बाबानं काल पेरा म्हणलं. एवढी वर्षं अडवलं, काल काहून मानले काय माहीत."

"बरं केलं," मी म्हटलं.

त्यानं गिअर टाकला. टोकाशी माझ्या दगडापाशी तो सावकाश वळला. बोटभरही इकडे आला नाही.